कॅज्युअल्टीत सेप्सिस ओळखताना: लॅक्टेट, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन कधी पाठवायचं आणि कसं वाचायचं

पावसाळा लागला की खानदेशात चोपडा, शहादा, पाचोरा, साक्री, कुठल्याही तालुक्याच्या कॅज्युअल्टीत तापाच्या पेशंटची रांग लागते. त्यातले बहुतेक व्हायरल, काही मलेरिया, काही डेंग्यू. पण त्याच रांगेत एखादा असा बसलेला असतो की ज्याचं बीपी संध्याकाळपर्यंत हाताला लागणार नाही. त्याला वेळेत ओळखायचं आणि त्या कामात रक्ताच्या तपासण्यांची मदत कशी घ्यायची, यासाठी हा लेख आहे. ग्रामीण रुग्णालयातले मेडिकल ऑफिसर, इंटर्न, सिस्टर-ब्रदर आणि लॅब टेक्निशियन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. नातेवाइकांनाही तो समजावा, असा प्रयत्न केलाय.

सेप्सिस म्हणजे नुसतं 'रक्तात इन्फेक्शन पसरणं' नव्हे. जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिसाद बिघडतो आणि त्यातून किडनी, फुप्फुस, मेंदू, लिव्हर असे अवयव निकामी होऊ लागतात, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणायचं. २०१६पासून हीच व्याख्या जगभर वापरली जाते. म्हणून आपल्याला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: इन्फेक्शन आहे का, आणि अवयवांना फटका बसतोय का? रक्तातला कुठलाही एक आकडा या दोन्हींचं उत्तर देत नाही. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारी प्रथिनं पहिल्या प्रश्नाबद्दल थोडंफार सांगतात. लॅक्टेट (पेशींवरच्या ताणाची खूण), क्रिएटिनिन (किडनीची), बिलिरुबिन (लिव्हरची) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दुसऱ्याबद्दल सांगतात. ही विभागणी डोक्यात पक्की असली की रिपोर्ट वाचताना निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

सुई टोचण्याआधी

आधी श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, छाती उघडी करून, घड्याळ बघून. आपल्याकडच्या केसपेपरवर श्वासाच्या रकान्यात अंदाजाने '१८' किंवा '२०' लिहायची सवय पडली आहे आणि ती जिवावर बेतते. मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त श्वास, वरचं बीपी १०० किंवा त्याखाली, आणि बोलण्यात-वागण्यात फरक, यांतल्या दोन गोष्टी दिसल्या तर पेशंट रांगेतून उचलून थेट बेडवर घ्या. ही चाळणी चटकन लावता येते, पण तिच्यातून बरेच गंभीर पेशंट निसटतात. २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही एकट्या या चाळणीवर विसंबू नका असं सांगितलं आहे. म्हणून नाडी, ऑक्सिजन आणि तापमानही बघा. म्हाताऱ्या माणसाला आणि डायबेटिसच्या पेशंटला सेप्सिसमध्ये ताप नसू शकतो. कधीकधी अंग गारच लागतं, आणि ते जास्त वाईट.

मग बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडा. रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी पडतोय. गुडघ्यांभोवती जाळीसारखे निळसर चट्टे आहेत का बघा. शेवटची लघवी कधी झाली ते विचारा. ग्लुकोमीटरने साखर बघा, कारण बरळणाऱ्या पेशंटची साखर ४० निघाली तर पुढचं सगळं चित्र बदलतं.

नातेवाइकांचं बोलणं कान देऊन ऐका. 'डॉक्टरसाहेब, आबा रातपाईन बरळी ऱ्हायनात, लघवी भी व्हयनी नई,' (रात्रीपासून बरळतायत, लघवीही झाली नाही) असं मुलगा म्हणाला, तर मेंदू आणि किडनी या दोन अवयवांचा रिपोर्ट त्याने लॅबच्या आधी हातात दिलाय. ते वाक्य केसपेपरवर वेळेसकट उतरवा.

एकाच टोचणीत सगळे नमुने

इंट्राकॅथ (सलाईनसाठीची शिरेतली नळी) लावतानाच रक्त घ्यायचं, म्हणजे पुन्हा टोचायला नको आणि वेळही जात नाही. क्रम महत्त्वाचा आहे. ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या) बाटल्या सगळ्यात आधी. त्यानंतर निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी ईडीटीए आणि शेवटी करडी फ्लोराइडची. जांभळी आधी भरून तिच्यातलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. घाईत हे होतं, म्हणून ट्रेमध्ये ट्यूब याच क्रमाने मांडून ठेवा.

कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, पण त्यासाठी अँटिबायोटिक अडवून धरायचं नाही. पाऊण तासात कल्चर जमलं नाही तर औषध सुरू करा. मोठ्या माणसाच्या दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. २-३ मिलीत जंतू सापडायची शक्यता बरीच घटते. कातडी क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या आणि वाळल्यावर त्या जागी बोट लावू नका. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. लॅबला जाईपर्यंत ती बाहेरच राहू द्या.

लॅक्टेट

एकच आकडा परवडत असेल तर मी लॅक्टेट मागेन. पेशींना ऑक्सिजन पुरेना, किंवा ताणामुळे शरीरातलं अ‍ॅड्रिनॅलिन उसळलं, की लॅक्टेट वाढतं. सेप्सिसमध्ये या दोन्ही गोष्टी होतात. बीपी अजून १००च्या वर टिकून आहे पण लॅक्टेट ४ आहे, असा पेशंट बाहेरून ठीक दिसतो आणि तोच फसवतो.

नमुना घेतानाच निम्मी चूक होते, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो. पेशंटला मूठ आवळ-सोड करायला लावू नका. दंडाला पट्टा बांधायचाच असेल तर शीर सापडताच सोडा. एबीजी (रक्तातले वायू मोजणारं) मशीन असेल तर हेपरिनच्या सिरिंजमध्ये रक्त घेऊन १५ मिनिटांच्या आत टाका. मशीन नसेल तर करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब खुणेपर्यंत भरा, हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा आणि बर्फात ठेवून लॅबला पाठवा. साध्या ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त टेबलावर पडून राहिलं तर लाल पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट ट्यूबमध्येच वाढतं. मग दोनाचे चार होतात आणि आपण घाबरतो. नमुना धमनीचाच हवा असं नाही. शिरेतल्या रक्तात लॅक्टेट नॉर्मल आलं तर ते नॉर्मलच समजा.

ड्रिप चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका. रिंगर लॅक्टेट लावल्याने लॅक्टेट वाढेल, ही शंका सिस्टर लोक वरचेवर विचारतात. त्या सलाईनमध्ये लिटरला साधारण २८ मिलिमोल लॅक्टेट असतं खरं, पण लिव्हर ते वापरून टाकतं. सेप्सिसमध्ये आरएल द्यायला हरकत नाही, नमुना फक्त दुसऱ्या हातातून घ्या.

आकडा वाचण्याआधी एकक बघा. काही लॅब मिलिमोल प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १ मिलिमोल म्हणजे साधारण ९ मिलिग्रॅम. रिपोर्टवर १८ दिसलं तर ते २ मिलिमोल असू शकतं. मिलिमोलमध्ये २च्या आत असेल तर तेवढ्यापुरतं समाधान. २ ते ४ असेल तर पेशंटवर नजर ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा करा. ४ किंवा जास्त असेल तर बीपी कितीही असो, गंभीर समजून कामाला लागा. पुरेसं सलाईन देऊनही मीन (सरासरी) बीपी ६५वर टिकवायला नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारखं औषध लागतंय आणि लॅक्टेट २च्या वरच आहे, तर तो सेप्टिक शॉक, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी पडून अवयवांना रक्त न पुरणं.

सेप्सिस सोडून इतर कारणांनीही लॅक्टेट चढतं आणि ती कारणं आपल्याकडे रोजची आहेत. झटका येऊन गेला असेल तर ते तास-दोन तासांत आपोआप उतरतं. दम्यासाठी सॅल्ब्युटामॉलची नेब्युलायझेशनं एकामागून एक झाली असतील तर वाढतं. दारूने लिव्हर गेलेलं असेल तर ते साचून राहतं. मेटफॉर्मिन चालू आहे आणि किडनी बिघडली आहे, हा जोड तर नक्की विचारून घ्यायचा. शेतात फवारणीचं किंवा धान्यात ठेवायचं विषारी औषध पोटात गेलं असेल तरी लॅक्टेट वाढतं, आणि अशा घटनांत नातेवाईक खरं कारण लगेच सांगतीलच असं नाही. म्हणून श्वासाचा, कपड्यांचा वास घ्या, बाहुल्या बघा.

लॅक्टेटची सोयच नसेल तर अडून बसू नका. बोट दाबून रंग परत यायचा वेळ दर अर्ध्या तासाने बघून लिहीत जा. शॉकच्या उपचाराचा माग काढायला ही पद्धत लॅक्टेटइतकी चालते का, हे २०१९च्या एका मोठ्या अभ्यासात तपासलं गेलं आणि ती कुठेही मागे पडली नाही. त्याला खर्च शून्य.

औषधाचा निर्णय इथेच घ्यायचा

हा मुद्दा मुद्दाम लेखाच्या मधोमध ठेवलाय. शॉक असेल, किंवा सेप्सिस असण्याची दाट शक्यता असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक शिरेत गेलं पाहिजे. शॉक नाही आणि शंकाही अर्धवटच आहे, तर तीन तासांपर्यंत तपासण्या करून ठरवता येतं. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन येऊ द्या मग बघू, असं शॉकमधल्या पेशंटबाबत म्हणायचं नाही. प्रोकॅल्सिटोनिन कमी आलं म्हणून अँटिबायोटिक सुरू न करणं, हेही २०२१च्या सूचनांत नको म्हटलं आहे.

सलाईनचा सर्वसाधारण हिशेब, किलोला ३० मिली पहिल्या तीन तासांत. ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. मात्र हृदय कमकुवत असेल, किडनी गेलेली असेल किंवा गंभीर मलेरिया असेल, तर थोडं थोडं देऊन प्रत्येक वेळी छाती तपासा. लहान मुलांचे आकडे, डोस, चाळण्या सगळंच वेगळं असतं. त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांना लगेच फोन लावा.

सीबीसी नीट वाचा

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ती आली की 'काउंट नॉर्मल आहे' हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं. पांढऱ्या पेशी १२,०००च्या वर किंवा ४,०००च्या खाली गेल्या तर आपण दचकतो, पण ९,४०० आल्या तर पान उलटतो. स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तात) कोवळ्या पांढऱ्या पेशी १० टक्क्यांहून जास्त असतील किंवा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये गडद दाणे (टॉक्सिक ग्रॅन्युल) दिसत असतील, तर नॉर्मल काउंटमागेही गंभीर इन्फेक्शन असतं. मशीन हे दर वेळी पकडत नाही, म्हणून टेक्निशियनला 'स्मिअर बघा' असं चिठ्ठीवर लिहून द्या. प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील तर लगेच डेंग्यूचा शिक्का मारू नका. सेप्सिसमध्येही त्या उतरतात. नव्या काही मशीनवर मोनोसाइटच्या आकारातला फरक मोजणारा एमडीडब्ल्यू आकडा मिळतो. तो २०च्या वर असला तर सेप्सिसची शंका वाढते. तुमच्या लॅबमध्ये असेल तर फुकटात मिळणारी माहिती आहे, वापरा.

सीबीसीबरोबर क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि लघवीची तपासणी हवीच. वाइडल (टायफॉइडच्या अँटिबॉडीची तपासणी) नको. एकच वाइडल करून ठरवलेला टायफॉइड हा आपल्या भागातला जुना आजार आहे आणि त्याच्या नावाखाली कित्येक सेप्सिस दोन-दोन दिवस सलाईनवर पडून राहतात. अँटिबॉडी वाढायलाच आठवडाभर लागतो, आणि आधी येऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळेही ती पॉझिटिव्ह येते.

सीआरपी

सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतं. १९३०मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं, आणि आज तालुक्याच्या छोट्या लॅबमध्येही होतं. त्याची खोड एकच, ते उशिरा जागं होतं. इन्फेक्शन सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी वाढू लागतं, शिखर गाठायला दीड-दोन दिवस घेतं, आणि कारण संपल्यावर साधारण दर १९ तासांनी निम्मं होतं. सकाळी थंडी वाजून आली आणि दुपारी सीआरपी केलं, तर ते थोडंसंच वाढलेलं दिसेल. त्यावरून पेशंटला घरी पाठवू नका. इथेही एकक बघा: डेसिलिटरला ९.६ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ९६. संधिवात, ऑपरेशन, मार लागणं, अशा कशानेही ते वाढतं. लिव्हर खराब असेल तर पुरेसं वाढतही नाही.

प्रोकॅल्सिटोनिन

हे सीआरपीपेक्षा चपळ. तीन-चार तासांत वाढू लागतं, पहिल्या दिवसात शिखर गाठतं आणि साधारण दर २४ तासांनी निम्मं होतं. बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये जास्त वाढतं, व्हायरलमध्ये कमी. मिलीला ०.२५ नॅनोग्रॅमच्या आत असेल तर बॅक्टेरियाचा मोठा आजार असण्याची शक्यता कमी, ०.५च्या वर शंका, २च्या वर दाट शंका, १०च्या वर बहुधा गंभीर अवस्था. पण गळू एका जागी कोंडलेला असेल तर ते कमी राहू शकतं. उलट मोठा अपघात, भाजणं, ऑपरेशन, किडनी फेल होणं, आणि नवजात बाळाचे पहिले दोन दिवस, यांत इन्फेक्शन नसतानाही वाढतं.

ही तपासणी महाग आहे. पेशंटच्या घरच्यांनी कापूस किंवा केळी विकून आणलेले पैसे कुठे खर्च करायचे, हे आपणच त्यांना सांगत असतो, म्हणून विचार करून पाठवा. माझ्या मते तिचा खरा उपयोग औषध बंद करायच्या वेळी होतो. शिखरापेक्षा ८० टक्के उतरलं किंवा ०.५च्या खाली आलं, आणि पेशंट सुधारतोय, तर अँटिबायोटिक थांबवायला आधार मिळतो. त्यासाठी पहिल्या दिवसाचा आकडा हवा. पुढे दोन-तीनदा करायची तयारी नसेल, तर एकटं प्रोकॅल्सिटोनिन करून फारसं हाती लागत नाही.

आकडे एकत्र कसे बोलतात

नमुन्यादाखल एक पेशंट बघू. रावेरकडचे साठीतले केळी बागायतदार, डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू. ताप नाही. श्वास २६, बीपी १०४/६०, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतात. पांढऱ्या पेशी ९,४००, स्मिअरवर कोवळ्या १८ टक्के, प्लेटलेट ९६,०००, क्रिएटिनिन २.१, लॅक्टेट ३.८ (मिलिमोल), सीआरपी ४२ (लिटरला मिलिग्रॅम), लघवीत पस सेल भरपूर. ताप नाही, काउंट नॉर्मल, सीआरपीही बेताचं, म्हणून हा पेशंट जनरल वॉर्डच्या कोपऱ्यात जाण्याची भीती असते. प्रत्यक्षात मेंदू, किडनी, प्लेटलेट तिन्हीकडे फटका बसलाय, म्हणजे लघवीच्या मार्गातून झालेला सेप्सिस. लॅक्टेट मेटफॉर्मिनमुळे वाढलं असेल का? थोडा वाटा असू शकतो. म्हणून मेटफॉर्मिन थांबवायचं, पण सेप्सिसचा उपचार त्या शंकेपायी थांबवायचा नाही. कल्चर, अँटिबायोटिक, सलाईन, आणि किडनीत खडा अडकलाय का ते बघायला सोनोग्राफी. अडकला असेल तर तो मार्ग मोकळा झाल्याशिवाय कुठल्याच औषधाने भागत नाही.

दोन तासांनी लॅक्टेट २.४ आलं तर दिशा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी आबा उठून बसलेत, लघवी सुटलीय, आणि सीआरपी मात्र २१०! घरचे घाबरतात, ड्युटीवरचा नवा डॉक्टर अँटिबायोटिक बदलायला निघतो. इथे थांबा. सीआरपी उशिरा शिखर गाठतं, ते कालच्या लढाईचा हिशेब आज दाखवतंय. पेशंट सुधारतोय, लॅक्टेट उतरलंय, तर तेच औषध चालू ठेवा आणि कल्चरची वाट बघा.

आपल्या भागातले फसवे ताप

मलेरियात, विशेषतः फॅल्सिपॅरममध्ये, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन दोन्ही चांगलेच वाढतात. त्यामुळे आकडा बघून सेप्सिस म्हणण्याआधी स्मिअर किंवा रॅपिड कार्ड करा. मलेरिया पॉझिटिव्ह आला तरी शॉकमधल्या पेशंटला बॅक्टेरियाचं इन्फेक्शन सोबत असू शकतं, म्हणून दोन्हींचे उपचार द्यावे लागतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, सीआरपी सहसा फार वाढत नाही. डेंग्यूच्या पेशंटचं सीआरपी दीडशेवर गेलं तर दुसरं काहीतरी शोधा. झुडपात, गवतात काम करणाऱ्याला आठवडाभर ताप, लिव्हरचे एन्झाइम वाढलेले, आणि नेहमीच्या इंजेक्शनला दाद नाही, तर काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली काळी खपली शोधा. ती स्क्रब टायफसची खूण. स्क्रब टायफसला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लागू पडत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो. उष्माघाताचा पेशंट येतो तेव्हा अंग तापलेलं, शुद्ध हरपलेली, लॅक्टेट चढलेलं, आणि प्रोकॅल्सिटोनिनसुद्धा वाढलेलं. पहिलं काम अंग थंड करणं, अर्ध्या तासात. सेप्सिसची शंका असेल तर कल्चर घेऊन अँटिबायोटिक द्या, पण थंड करणं त्यासाठी एक मिनिटही थांबवू नका.

आणि सातपुड्यातले सिकल सेलचे (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) पेशंट. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून भिल्ल, पावरा कुटुंबातलं मूल ताप घेऊन आलं, तर सिकल सेलची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. या पेशंटची प्लीहा लहानपणीच काम सोडते, म्हणून न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. त्यांच्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात आणि नुसत्या दुखण्याच्या क्रायसिसमध्ये सीआरपीही वाढतं, त्यामुळे आकड्यांवरून निवड करता येत नाही. ताप ३८.५ सेल्सिअसवर असेल तर कल्चर घ्या, पहिलं अँटिबायोटिक लगेच द्या, रिपोर्ट नंतर. घाट उतरून नंदुरबार गाठेपर्यंतचा वेळ औषधाविना जाऊ देऊ नका.

रेफर करताना

१०८ यायच्या आत चिठ्ठी तयार ठेवा. 'सेप्सिस, रेफर टू हायर सेंटर' एवढ्याने पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. लिहा: पेशंट किती वाजता आला, तेव्हाचा श्वास, बीपी, शुद्ध, पहिलं लॅक्टेट किती वाजता किती, दुसरं किती, कुठलं अँटिबायोटिक, किती डोस, किती वाजता, सलाईन एकूण किती, लघवी किती झाली. लॅक्टेट, सीआरपीसमोर एकक लिहा, कारण धुळ्याची लॅब वेगळ्या एककात रिपोर्ट देत असेल तर तुलना चुकते. बीपी पडत असेल तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हाताच्या चांगल्या शिरेतूनही सुरू करता येतं, सेंट्रल लाइनसाठी (मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी) थांबू नका. सुई बसलेली जागा मात्र वारंवार बघा, औषध बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडते.

कल्चरची बाटली तुमच्या लॅबमध्ये राहिली असेल, तर तिचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील आणि तोवर पेशंट दुसऱ्या गावच्या आयसीयूत असेल. म्हणून कल्चरच्या फॉर्मवर त्या आयसीयूचा फोन नंबर लिहा, चिठ्ठीवर तुमच्या लॅबचा लिहा, आणि जंतू दिसताच कोणी कोणाला कळवायचं हे टेक्निशियनशी तिथल्या तिथे ठरवून घ्या.